लाकूड कोणाचं?

एप्रिलमध्ये पहिला वळीव पुण्याला झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर ज्या झाडाच्या सावलीत गाडी लावली, त्याच झाडाची लोकांना एका रात्रीत भीती वाटू लागते. "आमच्याकडे एक मोठं झाड आहे." कोणतं? "मोठं आहे हो. पिवळी फुलं येतात." म्हणजे बहुधा सोनमोहर. "ते जरा कापून द्याल का?" या 'जरा'त वाळक्या चार काड्यांपासून अख्ख्या शेंड्यापर्यंत काहीही बसू शकतं. त्यामुळे मी फोनवर कधीच आकडा सांगत नाही. आधी येऊन बघतो म्हणतो. बघण्याचे पैसे घेतो म्हटलं की निम्मे फोन तिथेच संपतात.

झाडावर दोर लावून चढायचं, मेलेल्या, चिरलेल्या, घासणाऱ्या फांद्या काढायच्या आणि अगदीच इलाज नसेल तर अख्खं झाड तुकड्यातुकड्यांनी खाली उतरवायचं, हा माझा धंदा. कार्डावर 'आर्बोरिस्ट' छापलं आहे. सोसायट्यांचे वॉचमन गेटवरच्या वहीत 'झाडवाले' असं लिहितात, आणि तेच बरोबर आहे.

या कामात मी डोंगरातून आलो. कॉलेजात असताना शनिवार-रविवार सह्याद्रीत जायचे. ड्यूक्स नोज, तैलबैला, कुठली ना कुठली कातळभिंत. दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅरॅबिनर (उघडझाप होणारी कडी), जुमार (दोरावर चढायचं उपकरण) हे सगळं हातातलं होतं. झाड म्हणजे काय, त्याला तर फांद्याही असतात, असं वाटायचं. पण कातळ आणि झाड यांत मोठा फरक आहे. कातळावर दोर असतो तो पडलात तर झेलायला. चढणं तुमच्या हातापायांनी. म्हणून तो दोर थोडा ताणला जाणारा असतो, झटका पोटात घेणारा. झाडावर तुम्ही अख्खा दिवस दोरातच बसलेले असता. तिथे ताणणारा दोर नको, कमी ताणाचा हवा, साधारण अकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा. गिर्यारोहणाचं हार्नेस अर्ध्या तासात मांड्या बधिर करतं. झाडाचं हार्नेस रुंद पट्ट्यांचं, कमरेला आणि मांड्यांना गादी असलेलं, आणि पुढे एक सरकता दोरीचा पूल असतो, त्यामुळे फांदीवर बाजूला झुकलं तरी शरीर पिळवटत नाही. आणि मुख्य म्हणजे, कातळावर कुणी आपल्या दोरापासून वीतभर अंतरावर करवत चालवत नाही.

म्हणून कापताना कायम दोन ठिकाणी बांधलेलं असायचं. एक मुख्य दोर, डोक्याच्या वर, भक्कम बेचक्यातून गेलेला. दुसरा लॅन्यार्ड, म्हणजे खोडाभोवती किंवा फांदीभोवती टाकायचा आखूड दोर. मोठी करवत वापरायची असेल तेव्हा मी पोटात पोलादी तार असलेला लॅन्यार्ड घेतो. तार असली तरी करवतीपुढे तो अभेद्य नाही. चूक लक्षात यायला एखादा क्षण जास्त मिळतो, एवढंच. ब्रिटनमध्ये तर अलीकडे दोन स्वतंत्र दोरांवरच काम करण्याचा आग्रह धरतात. आपल्याकडे एक दोर असला तरी लोक कौतुकाने फोटो काढतात.

पहिला दोर वर जातो कसा, हे लोकांना नेहमी विचारायचं असतं. एक बारीक, गुळगुळीत दोरी असते. तिच्या टोकाला छऱ्यांनी भरलेली, तीनेकशे ग्रॅमची छोटी पिशवी. ती हेलकावून हव्या त्या बेचक्यातून फेकायची, पलीकडून खाली आली की तिला खरा दोर बांधून ओढून घ्यायचा. सांगायला सोपं आहे. सोसायटीची पोरं भोवती जमलेली असली की पिशवी हमखास भलत्याच फांदीला गुंडाळून बसते. दोर वर गेला की खालून दोघांनी एकदम लटकून बघायचं. फांदी कुरकुरली तर दुसरी शोधायची. दोर थेट सालीवर घासू नये म्हणून बेचक्यात दोन कड्यांचा एक पट्टा बसवतो. साल गेली की तिच्याखालचा जिवंत थर उघडा पडतो, आणि दिवसभर वर-खाली करणारा दोर तेवढं सहज करू शकतो.

वर चढायला आता यांत्रिक उपकरणं मिळतात, माझ्याकडेही एक आहे. तरी माझा जीव गाठीतच अडकलेला. प्रुसिकची गाठ डोंगरात शिकलो होतो. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ साली मांडली. भार आला की दोराला घट्ट आवळते, भार काढला की सरकते. झाडावर तिच्या चुलत बहिणी वापरतात, ब्लेकची गाठ वगैरे, पण तत्त्व तेच. वडाच्या किंवा फणसाच्या चिकाने दोर बरबटला की मात्र गाठ सरकेनाशी होते आणि माणूस मध्येच त्रिशंकू. हाताचा चीक खोबरेल तेलाने निघतो. दोराला तेल लावून चालत नाही. तो कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि धुताना वीत-वीत करत बोटांनी चाचपायचा. कुठे धागा उसवला, कुठे आत पोकळ लागलं, तर तो दोर बाद. आमच्या बाद दोरांवर आमच्या सगळ्या नातेवाइकांचे कपडे वाळतात.

करवतींपैकी सगळ्यात लाडकी म्हणजे हातकरवत. वाकडी, जपानी बनावटीची, ओढताना कापणारी, मांडीला म्यानात बांधलेली. मनगटाएवढी फांदी ती इतकी स्वच्छ कापते की चेनसॉ, म्हणजे साखळीची यंत्रकरवत, सुरू करायचा कंटाळा येतो. चेनसॉही लागतोच: वरच्या बाजूला मूठ असलेला, हलका, खास झाडावरच्या कामाचा. लोक तो एका हाताने चालवतात, फोटोत छान दिसतं. उसळी मारली तर सरळ तोंडावर येतो. त्याच्यासोबत घालायची पँट हा एक स्वतंत्र छळ आहे. तिच्या पोटात लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि करवत जागच्या जागी अडकते. मे महिन्यात, चाळीस अंशांत, अशी थरांवर थर असलेली पँट घालून झाडावर बसलेल्या माणसाला खालून कुणी "जरा लवकर आटपा" म्हणू नये.

पायात काटे लावून खोडात रोवत चढण्याची पद्धत आहे, ती मी फक्त काढायच्या झाडासाठी ठेवतो. जे झाड जगवायचं, त्याला प्रत्येक पावलागणिक भोक पाडायचं कशाला?

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा भोरकडचे. वय साठीच्या आसपास, आयुष्य कोयता, कुऱ्हाड आणि एका सुती दोरावर काढलेलं. आम्ही एकत्र काम करायला लागलो तेव्हा माझी सामग्री बघून ते म्हणाले, "एवढं सगळं बांधून वर जाईस्तवर माझं झाड खाली आलं असतं." आलंच असतं. हार्नेस घालायला ते कित्येक महिने तयार नव्हते. पण जमिनीवरून फांदी उतरवण्यात त्यांच्याइतका तरबेज माणूस मी पाहिलेला नाही. एक फूट जाडीचा, दोन मीटर लांबीचा ओला ओंडका सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. तो सुटला की खाली कौलारू छप्पर आहे की तुळशीवृंदावन, असा भेद करत नाही. त्यासाठी आमच्याकडे बुंध्याला बांधायचा एक लोखंडी नळा आहे. त्याच्याभोवती दोराचे वेढे घ्यायचे आणि घर्षणावर भार पेलत हळूहळू सोडायचा. मी तो मोठ्या कौतुकाने मामांना दाखवला. ते हसले. हेच काम ते शेजारच्या झाडाच्या बुंध्याला वेढे घेऊन करत आले होते. "हलक्याला एक येढा, जडाला दोन, आन् हात दोरापास्नं लांब." नळ्याचा फायदा एकच, शेजारच्या झाडाची साल जळत नाही. तो मात्र त्यांना लगेच पटला.

मामांशी माझा खरा वाद झाला तो कापण्याच्या जागेवरून. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे नीट पाहिलं तर एक फुगवटा दिसतो, वरच्या बाजूला सालीची एक सुरकुती दिसते. त्या फुगवट्याला आम्ही कॉलर म्हणतो. मामांची शिस्त होती खोडाला लागून सपाट कापण्याची. दिसायला तो काप देखणा, हात फिरवला तरी काही लागू नये असा. पण त्यात कॉलर जाते, आणि कॉलर खोडाच्या मालकीची असते, फांदीच्या नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आत जखमांचं काय होतं ते पाहिलं. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, हे त्यांनी १९७०च्या दशकात पद्धतशीर मांडलं. कुजलेला भाग पुन्हा चांगला होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती घालतं, तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे वाढतं. त्या भिंतींची महत्त्वाची तयारी कॉलरमध्ये असते. कॉलर कापली की कूज थेट खोडात शिरायला वाट मोकळी. आणि खुंट लांब ठेवला तर तो वाळतो, कुजतो, त्याच्यावरून झाडाला साल चढवता येत नाही. म्हणजे काप खोडाला चिकटून नको आणि लांबही नको. बोटभर अंतराचा प्रश्न आहे, पण झाडाची पुढची वीस वर्षं त्यावर ठरतात.

जड फांदी एका घावात कापत नाहीत, हेही त्याच हिशोबातलं. आधी कॉलरपासून हात-दीड हात पुढे खालून थोडं कापायचं. मग त्याच्याही पुढे वरून कापून फांदी मोकळी करायची. उरलेला खुंट शेवटी कॉलरशी अलगद काढायचा. पहिला खालचा काप चुकवला तर फांदी आपल्या वजनाने मोडताना खोडाची साल केळ्याच्या सालीसारखी सोलत खाली नेते. रस्त्याकडेच्या झाडांवर या लांबलचक जखमा बघत बघतच मी शहरात फिरतो, हा एक धंद्याचा आजार. त्या जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासलेला असला की आणखी चीड येते. त्याने कूज थांबत नाही, ओल मात्र आत दबून राहते. फासणाऱ्याचं समाधान होतं.

मामांना शिगो सांगून उपयोग नव्हता. त्यांना मी त्यांनीच काही वर्षांपूर्वी छाटलेला एक पर्जन्यवृक्ष दाखवला. सपाट कापांच्या जागी ढोल्या पडल्या होत्या, एका कापातून काळं पाणी झिरपत होतं. बराच वेळ बघून ते एवढंच म्हणाले, "मग तवा लाकूड आमचं होतं ना."

त्या वाक्यात या शहरातल्या बहुतेक छाटणीचं कारण आहे. खासगी कामाचा जुना व्यवहार असा: मजुरी कमी घ्यायची, लाकूड कापणाऱ्याने न्यायचं. सोसायटीला वाटतं, स्वस्तात काम झालं. कापणारा वर बघतो तेव्हा त्याला वाळकी, धोक्याची फांदी दिसत नाही, कारण तिला वखारीत भाव नाही. त्याला खालची, जाड, निरोगी, सरळ फांदी दिसते. ती काढली की टेम्पो भरतो. झाडाच्या एका बाजूचं सगळं वजन गेलं, तोल ढळला, आणि जिचं भय होतं ती वाळकी फांदी वर तशीच लोंबत राहिली, हे पुढच्या वळवात कळतं. यात कापणाऱ्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तीच गोष्ट तो करतो. म्हणून मी पहिल्यापासून एक अट लिहून देतो: लाकूड तुमचं. विका, वाटा, खत करा. मला मजुरी द्या.

शेंडा उडवण्याची फर्माईश याच पोटातली. "वरून अर्धं करा, म्हणजे धोका नको." अर्धं केलेलं झाड घाबरल्यासारखं वागतं. पानं गेली म्हणजे अन्न गेलं. ते कापांच्या कडेने भराभर कोंब काढतं. दोन-तीन पावसाळ्यांत तितकीच उंची परत येते, फरक इतकाच की आता प्रत्येक फांदी कुजत्या खुंटाच्या कडेला नुसती चिकटलेली असते. गुलमोहर किंवा पांगाऱ्यासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडाचं असं केलं तर आपण धोका कमी न करता दोन वर्षं पुढे ढकलून वाढवलेला असतो. वडाच्या पारंब्या तोडणं हा आणखी एक प्रकार. बसच्या टपाला लागतात म्हणून रस्त्यावरच्या वडांच्या पारंब्या जमिनीपर्यंत पोचूच देत नाहीत. वडाच्या आडव्या फांद्या पारंब्यांच्या खांबांवर विसंबून लांब वाढतात. खांब होऊ दिले नाहीत तर ती फांदी कधीतरी येणारच, आणि मग बातमीत 'जीर्ण वड कोसळला' असं येतं.

म्हणूनच माझ्या कामाचा सगळ्यात लांब भाग जमिनीवर होतो. झाडाभोवती फिरायचं. बुंध्याशी अळंब्या आहेत का? असल्या तर मुळांशी कूज आहे असं धरूनच चालायचं. नायलॉनच्या हातोडीने खोड ठोकत जायचं; पोकळ भागाचा आवाज बदलतो. दोन खोडं इंग्रजी व्हीसारखी चिकटून वाढली असतील तर मध्ये साल दबलेली असते, ती जागा चिरायला टपलेली. जमिनीला नवी भेग, एका बाजूला उचललेली माती, हे दिसलं तर वर चढायचंच नाही. आणि मग खाली पेव्हर ब्लॉक. बुंध्याला गळफास लावल्यासारखं काँक्रीट, शेजारून केबलसाठी खणलेला चर. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. आपल्याकडे त्या एक मीटरमध्ये एक दुचाकी बसते, त्यामुळे विषय अवघड होतो. कितीतरी वेळा मी सोसायटीला सांगतो की फांद्यांना हात लावू नका, फरशा उखडा. हा सल्ला ऐकून लोकांचे चेहरे असे होतात की, हे सांगायला दोर घेऊन कशाला आलात?

परवानगीचा भाग थोडक्यात. शहरात झाड तोडायला किंवा छाटायला पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज लागतो, राज्याचा १९७५चा कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. कागद हातात आल्याशिवाय मी पिशवीसुद्धा फेकत नाही. जवळून तारा जात असतील तर वीज बंद करून घेतल्याशिवाय नाहीच नाही. ओली फांदी, ओला दोर, सगळं वीज वाहतं.

कायदा जिथे अडवत नाही तिथे मला पक्षी अडवतात. सगळ्यांना छाटणी हवी असते पावसाळ्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. नेमक्या त्याच दिवसांत राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला चिणून घेऊन बसलेली असते. नर एका फटीतून तिला उंबराची, वडाची फळं भरवतो. त्या नराचं काही झालं किंवा ती फांदी उतरली तर आतलं सगळं कुटुंब गेलं. एरंडवण्यात एका जुन्या बंगल्यात आम्ही चढायची तयारी केली होती. धनेश समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत होता, जागचा हलेना. मामांनीच ओळखलं. ढोली असलेली फांदी वाळलेली होती, खाली मात्र फक्त बाग. मी आजींना म्हटलं, पावसाळा संपल्यावर येतो, तोवर त्या कोपऱ्यात खुर्ची टाकू नका. आजी म्हणाल्या, "अहो, मग आता तुमचं भाडंखर्च?" विचारणाऱ्या त्या एकट्याच. अशा कामांसाठी मी लोकांना दिवाळीनंतरचे दिवस सुचवतो. ऑक्टोबरात मात्र झाडाची भीती कुणालाच वाटत नसते.

आग्या मोहोळ असेल तर वाद घालायचाच नाही, घरी जायचं. पिंपळावरच्या मुंजाचं विचाराल, तर मामा अजूनही पिंपळावर हात ठेवण्याआधी नारळ फोडतात. मी दोर तपासतो. दोन्ही झाल्याशिवाय कुणी वर जात नाही.

पडण्याबद्दल घरचे विचारतात. मला पडण्यापेक्षा लटकून राहण्याची भीती जास्त वाटते. वर माणूस जखमी झाला, बेशुद्ध झाला आणि हार्नेसमध्ये निश्चल लोंबत राहिला, तर पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाची गाडी प्रभात रोडच्या गल्लीत, संध्याकाळच्या गर्दीत किती वेळात पोचेल याचा हिशोब करून बघा. म्हणून झाडावर चढता येणारा दुसरा माणूस खाली हवाच, त्याचा दोर आधीच लावलेला हवा, आणि हार्नेसला रक्त थांबवायची पट्टी हवी. या दुसऱ्या माणसाची मजुरी लावली की लोक विचारतात, "तो तर नुसता उभा आहे!" खरंय. तो नुसता उभाच राहावा, यासाठी बाकी सगळं चाललेलं असतं. आता तो दुसरा माणूस म्हणजे भोरचाच, मामांचा पुतण्या. मामा स्वतः हार्नेस घालून खाली बसतात आणि त्याच्या गाठी तपासतात.

गेल्या मोसमात एका सोसायटीचं काम होतं. पर्जन्यवृक्ष, भलामोठा, दोन इमारतींवर पसरलेला. समितीचं म्हणणं, गच्चीकडच्या चार मोठ्या फांद्या काढा. आम्ही सकाळभर बघितलं, ठोकलं, मी वर जाऊन प्रत्येक बेचकं हाताने तपासलं. चारही फांद्या ठणठणीत होत्या. वाळलेलं लाकूड तेवढं काढलं, एका फांदीचं टोक हलकं केलं, आणि गच्चीपासून लांब पार्किंगवर एक चिरलेली फांदी सापडली, ती दोराने उतरवली. तिच्याबद्दल तक्रारच नव्हती. खाली जमलेला ढीग जेमतेम हातगाडीभर.

खजिनदार काकांनी बिल हातात घेतलं. पाहणी आणि तपासणीची रक्कम कापणीच्या रकमेपेक्षा जास्त होती. त्यांनी चष्मा वर केला, ढिगाकडे पाहिलं, मग झाडाकडे.

"कापलं किती, आणि बघण्याचे एवढे?"

मी फोटो दाखवले, चिरेचे, बेचक्यांचे. त्यांनी नीट पाहिले, दोन-तीन शंकाही विचारल्या, चांगल्या होत्या. मग पाहणीची रक्कम पेनने खोडून निम्मी केली, शेजारी सही केली आणि चेक लिहिला. आम्ही दोर गुंडाळत होतो तेव्हा ते परत खाली आले. म्हणाले, "मागच्या बाजूला एक आंबा आहे. आलाच आहात तर जाता जाता त्याच्याकडेही जरा बघून घ्या."